रानफळांची मराठी नावे : अर्थ, व्यवहार आणि अधिकार

बीजशब्द : रानमेवा, हिरडा, मोह, शब्देतिहास, गौण वनोपज, वनहक्क

प्रस्तावना

कोणत्याही समाजाच्या आर्थिक इतिहासाची साधने म्हणून आपण दप्तरे, जमाबंदीचे कागद, ताम्रपट आणि शिलालेख यांचा विचार करतो. परंतु ज्या वस्तूंवर कधी सारा बसला नाही, ज्यांची खरेदीखते झाली नाहीत, त्यांचा इतिहास या साधनांत क्वचितच सापडतो. बोर, करवंद, जांभूळ, आवळा, टेंभुर्णी, चार, हिरडा ही अशा वस्तूंची उदाहरणे होत. त्यांच्याविषयीची माहिती प्रामुख्याने भाषेत साठविलेली आहे.

इंग्रजीतील ‘बेरी’ या शब्दासारखा लहान रसाळ फळांचा एकत्रित निर्देश करणारा शब्द मराठी बोलण्यात नाही. मराठी विश्वकोशाने वनस्पतिशास्त्रीय अर्थाने ‘मृदुफळ’ हा शब्द योजला. तो शास्त्रापुरताच राहिला. शास्त्रीय वर्गीकरणानुसार करवंद हे मृदुफळ आणि बोर हे आठळीयुक्त फळ ठरते; लोकव्यवहारात मात्र दोन्ही ‘रानमेवा’च. तेव्हा मराठी भाषिकांनी रानफळांची विभागणी कोणत्या निकषांवर केली, हे पाहणे आवश्यक ठरते. ही नावे फळाच्या रचनेपेक्षा त्याचा उपयोग, त्याची अवस्था आणि त्यावरील अधिकार यांची नोंद करतात, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. वसाहतकाळापासून कायद्याच्या भाषेने ही नोंद कशी पुसली आणि अलीकडील कायद्यामुळे तिला पुन्हा महत्त्व कसे आले, याचाही येथे विचार केला आहे.

शब्दांची परंपरा

बहुतेक देशी रानफळांची नावे संस्कृत–प्राकृत–मराठी या वाटेने आली आहेत. ‘बदर’चे ‘बोर’ होते, हे बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात नोंदविलेले आहे. ज्या सूत्रात हा शब्द येतो त्यातच ‘पूगफल’चे ‘पोप्फल’, म्हणजे आपले ‘पोफळ’, येते. ‘आमलक’चा आवळा, ‘उदुम्बर’चे उंबर, ‘कपित्थ’चे कवठ, ‘करमर्द’चे करवंद, ‘हरीतकी’चा हिरडा आणि ‘बिभीतक’चा बेहडा झाला. ही नावे झिजलेली आहेत, आणि शब्द झिजतो तो रोजच्या वापराने. याउलट काजू, पेरू आणि अननस ही नावे पोर्तुगीजांबरोबर आली व फारसा बदल न होता राहिली. काजू आज कोकणच्या डोंगरात रानझाडासारखा वाढत असला तरी त्याच्या नावावरून तो परका असल्याचे ओळखता येते.

‘रानमेवा’ हा शब्द या दृष्टीने लक्षणीय आहे. ‘अरण्य’–‘रण्ण’–‘रान’ हा त्याचा पूर्वार्ध प्राकृतातून आला, तर ‘मेवा’ हा उत्तरार्ध फारसी आहे. मेवा म्हटले की बदाम, मनुका, अक्रोड अशी दूरदेशची, पैसे मोजून घ्यावयाची चीज मनात येते. तिच्यामागे ‘रान’ जोडून फुकट मिळणाऱ्या करवंद-जांभळांना तोच मान देण्यात आला. या सामासिक शब्दात दोन अर्थव्यवस्थांची तुलना आहे.

माप, रंग आणि वाक्प्रचार

रानफळे परिचयाची असल्यामुळे त्यांचा उपयोग मापासाठी झाला. आयुर्वेदातील मानपरिभाषेत, विशेषतः शार्ङ्गधरसंहितेत, दोन कोल म्हणजे एक कर्ष आणि चार कर्ष म्हणजे एक पल असे कोष्टक आहे. यांपैकी ‘कोल’ आणि त्याचा पर्याय ‘बदर’ ही बोराची नावे आहेत. कर्षाला ‘अक्ष’ (बेहडा), ‘तिंदुक’ (टेंभुर्णीच्या कुळातील फळ) आणि ‘उदुंबर’ असे पर्याय दिले आहेत, तर पलाला ‘बिल्व’ आणि ‘आम्र’. सोनाराच्या तागडीतही रानातील गुंज होतीच : आठ गुंजांचा मासा आणि बारा मासांचा तोळा. ‘बोराएवढी गोळी’ किंवा ‘आवळ्याएवढे लोणी’ असे आपल्या घरात आजही म्हटले जाते, ती या परंपरेची खूण होय. ‘अक्ष’ या शब्दाचा दुसरा अर्थ फासा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील द्यूतसूक्तात बिभीतकाचा उल्लेख येतो, तो त्याच्या फळांचे फासे करीत म्हणूनच.

रंगाच्या नावातही हा संबंध दिसतो. हिंदीत ज्या रंगाला वांग्यावरून ‘बैंगनी’ म्हणतात, त्याला मराठीने ‘जांभळा’ म्हटले. एका भाषेने परसातले फळ निवडले, दुसरीने झाडावरचे.

वाक्प्रचारांत मात्र रानफळांचे मोल कमी आहे. ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ यात आवळा क्षुल्लक आहे. ‘ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी’ यात बोर ही सर्वांना ठाऊक असलेली, काटेरी, सामान्य वस्तू आहे. ‘बिब्बा घालणे’ म्हणजे चालत्या कामात मोडता घालणे. जे फुकट मिळते ते भाषेत स्वस्त होते. पण हीच फळे धार्मिक व्यवहारात अपरिहार्य ठरतात, हा विरोध दुर्लक्षिता येत नाही. संक्रांतीच्या सुगडात बोर हवे, लहान मुलाचे बोरन्हाण बोरांनीच व्हावे, तुळशीच्या लग्नात बोर आणि आवळा असावा, वटपौर्णिमेच्या वाणात करवंद आणि जांभूळ असावे, असा संकेत आहे. त्या त्या ऋतूत जे रानात पिकते तेच या विधींत मागितले आहे. त्यामुळे ज्यांच्याजवळ जमीन नाही अशा घरांनाही सण साजरा करता येत होता.

अवस्थेनुसार नावे

शब्दांचा खरा बारकावा प्रक्रियेत दिसतो. हिरड्याच्या एकाच फळाला तीन नावे आहेत. आठळी धरण्यापूर्वी गळालेले किंवा वाळविलेले कोवळे फळ म्हणजे बाळहिरडा; थोडे अधिक वाढलेले, कातडी कमाविण्यासाठी वापरले जाणारे फळ म्हणजे चांभारी हिरडा; आणि पूर्ण पक्व झालेले ते सुरवारी हिरडा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने येथे एकच जाती आहे. गोळा करणारा, कातडी कमाविणारा आणि वैद्य यांच्या दृष्टीने मात्र या तीन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यांचे दरही वेगळे. बाळहिरड्याला अधिक भाव मिळतो, हे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातील आदिवासी कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ‘चांभारी’ या विशेषणात तर एका जातीचा व्यवसाय आणि तिचे रानाशी असलेले नाते नोंदले गेले आहे. ही नोंद शब्दाबाहेर सहसा आढळत नाही.

कोकणात झाडावरचे फळ रातांबा, वाळविलेली साल आमसूल आणि मीठ घालून काढलेला रस आगळ. चार या फळाच्या आतला गर चारोळी. बिब्ब्याचा गर गोडंबी. मोहाची फुले वेचली जातात ती मोह, आणि बियांना काही भागांत टोळ किंवा टोळंबी म्हणतात. ही नावे ठेवणारे लोक वेचणे, वाळविणे, फोडणे, गाळणे ही कामे करणारे होते, आणि त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता.

कोश आणि वनस्पतिग्रंथ

युरोपीय अभ्यासकांनी ही नावे कागदावर आणली. गोव्यात 1563 मध्ये छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या औषधिद्रव्यांवरील संवादग्रंथात करवंदाचे वर्णन ‘करांडास’ या नावाखाली येते. अठराव्या शतकात लिनिअसने दिलेल्या ‘कॅरिसा कॅरँडस’ या शास्त्रीय नावातही आपला शब्द ओळखता येतो. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाने (1831, दुसरी आवृत्ती 1857) रानातील असंख्य शब्द टिपून ठेवले, हे त्याचे ऋण मान्य करावे लागते.

मात्र इंग्रजी व्यवहारात नावे ठेवताना साम्यावर भर राहिला. आवळा ‘इंडियन गूजबेरी’ झाला, जरी गूजबेरीच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. आपले फळ दुसऱ्याच्या फळाची भारतीय आवृत्ती ठरले. आज महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन (2010) आहे आणि तिचे इंग्रजी नाव मराठीत रुळले आहे; परंतु त्याच घाटावर पिकणाऱ्या करवंदाला बाजारात ‘डोंगराची काळी मैना’ या आरोळीखेरीज दुसरी ओळख नाही.

कायद्याची भाषा

वसाहतपूर्व काळात राज्यसत्तेचे लक्ष प्रामुख्याने लावलेल्या झाडांकडे होते. आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड घेताना रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढविलेली असतात, असा आशय आहे. हे संरक्षण धन्याच्या झाडाला होते. आपोआप उगवलेल्या करवंदीच्या जाळीला धनी नव्हता, म्हणून ती सर्वांची होती.

1878 च्या वनकायद्याने ही स्थिती बदलली. राखीव वनातील फळही शासनाच्या मालमत्तेत मोडू लागले. 1892 मध्ये मुंबई इलाख्यात मोहासाठी स्वतंत्र कायदा झाला. अबकारी उत्पन्नाच्या रक्षणासाठी ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध आले. आदिवासींच्या घरातील अन्न कायद्याच्या लेखी गुन्ह्याचा मुद्देमाल ठरले.

1927 च्या भारतीय वन अधिनियमातील ‘वनोपज’ या संज्ञेची व्याख्या काळजीपूर्वक वाचण्यासारखी आहे. तिच्या पहिल्या भागात लाकूड, कोळसा, लाख यांबरोबर मोहाची फुले, मोहाच्या बिया आणि हिरडा यांची नावे आहेत. आणि या वस्तू वनात सापडोत वा न सापडोत, त्या वनोपजच मानल्या जातात. म्हणजे स्वतःच्या बांधावरच्या झाडाचा हिरडाही या संज्ञेत येतो. इतर सर्व फळे मात्र वनात सापडली तरच वनोपज होतात, आणि त्यांचा उल्लेख केवळ ‘पाने, फुले व फळे’ असा सरसकट आहे. ज्या फळांना व्यापारी किंवा अबकारी मूल्य होते त्यांनाच नाव मिळाले.

टेंभुर्णीचे उदाहरण असेच आहे. फळ खाणाऱ्यांनी झाड टेंभुर्णी म्हणून ओळखले. सोलापूर जिल्ह्यातील एका गावाचेही हेच नाव आहे. विडीच्या व्यापाराने मात्र त्याला ‘तेंदूपत्ता’ केले. कायद्यात पानाचे नाव आले, फळाचे आले नाही. ‘गौण’ हे विशेषणही इमारती लाकडाच्या तुलनेतून आले आहे. वनखात्याच्या ताळेबंदात चारोळी गौण असेल. उन्हाळ्यात तिच्यावर मीठ-मिरची आणणाऱ्या घरात ती गौण नव्हती.

शब्दांचे पुरावामूल्य

1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे सोपविण्याचे तत्त्व स्वीकारले आणि महाराष्ट्राने 1997 मध्ये त्यासाठी कायदा केला. 2006 च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर मालकी, संकलन, वापर व विक्री यांचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो या कायद्याखालील आरंभीचा टप्पा होय.

या कायद्याच्या 2008 च्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. तीत गॅझेटिअर, जमाबंदीचे अहवाल आणि ज्येष्ठ व्यक्तींची लेखी निवेदने यांचा समावेश असून, सामूहिक दाव्यांसाठी खाद्य रानफळे गोळा करण्याच्या जागांचाही स्पष्ट उल्लेख आहे. गावाची म्हातारी माणसे अशा जागा झाडांच्या आणि फळांच्या नावांनीच सांगतात. जो शब्द आतापर्यंत कोशापुरता किंवा हौशी संग्राहकापुरता होता, तो दाव्याच्या कागदात दाखल होण्याची शक्यता यामुळे निर्माण झाली. मात्र निवेदन लिहून घेणाऱ्याने ‘बाळहिरडा’, ‘टोळंबी’, ‘गोडंबी’ यांच्या जागी ‘गौण वनोपज’ एवढेच लिहिले, तर कोणती वस्तू, कोणत्या ऋतूत, कोणत्या डोंगरावर आणि कोणी वेचली, हा तपशील नाहीसा होतो.

निष्कर्ष

१. मराठीत रानफळांचे वर्गीकरण फळाच्या रचनेवर नसून उपयोग, अवस्था आणि प्रक्रिया यांवर आधारलेले आहे.

२. माप, रंग, वाक्प्रचार व सणविधी यांतील उपयोगावरून ही फळे सर्वांना सुलभ होती, त्यामुळे एकाच वेळी स्वस्त आणि आवश्यक होती, असे दिसते.

३. वसाहतकालीन कायद्याने बाजारमूल्य असलेल्या फळांना नाव दिले आणि उरलेल्यांना सरसकट संज्ञेत लोटले. ‘गौण’ हा शब्द त्या दृष्टिकोनाचा वारसा आहे.

४. वनहक्काच्या दाव्यांत स्थानिक शब्दांना पुरावामूल्य असल्याने त्यांचे संकलन हे केवळ भाषिक काम राहिलेले नाही.

डोंगराळ तालुक्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी आणि वनस्पतिशास्त्र विभागांनी एकत्र येऊन गाववार रानफळांची नावे, वेचणीचा काळ, जागा आणि प्रक्रिया यांच्या नोंदी कराव्यात. हे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून होऊ शकते. त्यांतील अनेकांच्या घरी ही नावे आजही बोलली जातात. ती जाणणारी पिढी वयोवृद्ध असल्याने या कामाला विलंब परवडणारा नाही.