अनेक कंठ, एक सूर

ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं धर्मग्रामाच्या स्मरणिकेसाठीं कांहीं लिहावें, अशी आज्ञा स्मरणिका-मंडळानें केली, तेव्हां मी देवळाच्या बांधकामाचा किंवा माझ्या पूर्वींच्या धर्मगुरूंचा इतिहास लिहीन अशी पुष्कळांची अपेक्षा असावी. तो इतिहास ह्याच पुस्तकांत अन्यत्र, मजपेक्षां अधिक जाणत्या हातांनीं लिहिला आहे. मला येथें निराळा विषय मांडावयाचा आहे. गेलें वर्षभर महोत्सवाच्या मिस्सेसाठीं आपल्या गायकवृंदाची तयारी चालली असतां एक प्रश्न वारंवार पुढें आला. ज्याला एकट्यानें उत्तम गातां येतें त्याला समूहांत कसें बसवावें? आणि ज्याला तितकें उत्तम गातां येत नाहीं, त्याला समूहांत घ्यावें कीं न घ्यावें?

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असें आपणांस वाटतें. परंतु दीडशें वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील दास्यमुक्त कृष्णवर्णीय लोकांपुढेंही तो उभा होता, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतांच त्यांनीं जगाला गॉस्पेल गायकवृंदाची देणगी दिली. योगायोग असा कीं, त्या इतिहासाच्या आरंभींच ‘ज्युबिली’ हा शब्द उभा आहे.

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें आणि पुढच्याच वर्षीं टेनेसी प्रांतांतील नॅशव्हिल शहरीं, सैन्याच्या जुन्या इस्पितळाच्या लांकडी बराकींत, मुक्त झालेल्या दासांसाठीं फिस्क नांवाची शाळा उघडली. तिचे खजिनदार जॉर्ज व्हाइट हे युद्धांतून परतलेले शिपाई. हिशेबाच्या वह्या सांभाळून ते मुलांना गायन शिकवीत. १८७१ सालापर्यंत शाळा कर्जांत बुडाली आणि इमारती कुजूं लागल्या. तेव्हां व्हाइट ह्यांनीं शेवटचा उपाय म्हणून नऊ विद्यार्थी निवडले आणि ६ ऑक्टोबर १८७१ रोजीं गायन करून द्रव्य जमविण्यासाठीं ते त्यांना घेऊन उत्तरेकडे निघाले. ह्या नवांपैकीं एला शेपर्ड ही पियानो वाजवी व तालमींत व्हाइट ह्यांची उजवा हात होती. तिचा जन्म दास्यांत झाला होता.

आरंभीं त्यांनीं गोऱ्या श्रोत्यांना रुचतील अशीं प्रचलित गीतें म्हटलीं. आईबापांनीं शेतांत राबतांना आणि रात्रीं लपूनछपून प्रार्थना करतांना म्हटलेलीं गीतें परक्यांपुढें गाण्यास ह्या तरुणांचें मन घेईना. तीं गीतें त्यांना पवित्र होतीं, आणि दास्याची लाजही त्यांना चिकटलेली होती. पण श्रोत्यांचीं अंतःकरणें जेव्हां हललीं, तेव्हां तीं ह्याच गीतांनीं. प्रवासाच्या प्रारंभींच शिकागो शहर भीषण आगींत जळालें. खिशांत दमडी नसतां ह्या मुलांनीं आपल्या एका जलशाचें उत्पन्न आगग्रस्तांना देऊन टाकलें. त्यानंतर कोलंबस शहरीं व्हाइट ह्यांनीं ह्या मेळ्याला ‘ज्युबिली सिंगर्स’ असें नांव दिलें. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत सांगितलेलें तें पन्नासावें वर्ष, ज्यांत दासांना मुक्ति मिळे आणि गमावलेली जमीन परत मिळे, तेंच त्यांच्या मनांत होतें. आपण आज ज्या अर्थानें ज्युबिली साजरी करतों त्याच अर्थानें हें नांव त्यांनीं धारण केलें. १८७३ सालीं हा मेळा इंग्लंडांत राणी व्हिक्टोरियापुढें गाइला. सुमारें सात वर्षांच्या फिरतीनें शाळेला दीड लक्ष डॉलरच्या घरांत द्रव्य मिळालें, आणि त्यांतून ज्युबिली हॉल नांवाची भक्कम इमारत उभी राहिली. पुढें फ्रेडरिक लाउडिन ह्यांच्या नेतृत्वाखालीं ह्या परंपरेचा एक मेळा जगप्रवासांत हिंदुस्थानांतही येऊन गेला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हीं नऊ मुलें कांहीं सामान्य गळ्याचीं नव्हतीं. मॅगी पोर्टर हिनें तर त्याआधीं ‘एस्तेर’ नामक संगीतिकेंत राणीची भूमिका गाइली होती. असे पाणीदार आवाज एकत्र आणले म्हणजे मेळ होतो असें नव्हे. पुष्कळदां स्पर्धा मात्र होते. व्हाइट ह्यांनीं नियम घातला कीं, एकलगान सोडून अन्यत्र कोणाचाही आवाज दुसऱ्याच्या वर ऐकूं येतां कामा नये. तोंड पुरेसें उघडावें, स्वर दाबूं नये, आणि गातांना सगळ्या मेळ्याकडे कान द्यावा. अत्यंत हळू, तरीही स्पष्ट, अशा गायनाविषयीं ते फार आग्रही होते. हळू गाण्याचें मर्म असें आहे कीं, मोठ्यानें गाणारा केवळ स्वतःलाच ऐकतो, आणि हळू गाणाऱ्याला शेजाऱ्याचा सूर ऐकावाच लागतो.

ह्याच सुमारास आपल्या ख्रिस्तसभेंतही हा प्रश्न निराळ्या रूपानें उभा होता. युरोपांतील अनेक देवळांत नाटकगृहांतल्या पद्धतीनें एकेकटे गवई आपल्या ताना मिस्सेच्या मध्यभागीं झळकवूं लागले होते. परमगुरु दहावे पायस ह्यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, संत सिसिलियेच्या सणाच्या दिवशीं, पवित्र संगीतावर आज्ञापत्र काढलें. एकलगानाला त्यांत संपूर्ण बंदी नाहीं. परंतु उपासनेंतील गायन मुख्यतः समूहाचें असावें आणि एकट्याचा आवाज सर्वांवर कुरघोडी करील असा नसावा, असा त्याचा आशय आहे. त्याच आज्ञापत्रानें स्त्रियांना गायकवृंदांतून वगळलें होतें, हेंही प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे. हें बंधन १९५५ सालच्या परिपत्रकानें सैल झालें, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या १९६७ सालच्या निर्देशानें उरलासुरला अडसर दूर केला. निवड करतांना अधिकारी पुरुषांच्या हातून योग्य कंठ बाहेर राहूं शकतात, हा धडा आपणांस दूर जाऊन शिकावयास नको.

ज्युबिली-गायकांचीं तीं गीतें म्हणजे आजचें गॉस्पेल गायन नव्हे. तीं त्याचीं आईबापें होत. गॉस्पेल गायकवृंद शिकागो शहरीं जन्मास आला. जॉर्जिया प्रांतांत १८९९ सालीं जन्मलेले थॉमस डॉर्सी हे पूर्वायुष्यांत ब्लूज नांवाच्या लौकिक गीतांचे वादक होते. १९३१ सालीं थिओडोर फ्राय ह्यांच्या साह्यानें त्यांनीं एबेनेझर बॅप्टिस्ट देवळांत असा वृंद उभारला, आणि पुढच्या वर्षीं पिलग्रिम बॅप्टिस्ट देवळांत त्यांना बोलावणें आलें. ह्या मोठ्या देवळांत तोंवर युरोपियन पद्धतीचें शिस्तबद्ध गायन चाले, आणि दक्षिणेंतून नुकत्याच आलेल्या गरीब लोकांचे टाळ्या वाजवून, अंग डोलवून गाणें तेथील सुशिक्षितांस गांवंढळ वाटे. त्याच १९३२ सालच्या ऑगस्टांत डॉर्सी परगांवीं गेले असतां त्यांची पत्नी बाळंतपणांत वारली, आणि पाठोपाठ नवजात बालकही गेलें. त्या दुःखांत त्यांनीं रचलेलें गीत आज जगभर अंत्यविधींत म्हटलें जातें.

ह्याच डॉर्सींपुढें सॅली मार्टिन नांवाची एक बाई परीक्षा देण्यास आली. तिला स्वरलिपि वाचतां येत नव्हती, आवाज भरडा होता, आणि गातांना ती कण्हे, हुंकार देई, अंगविक्षेप करी. डॉर्सींना तें गायन रुचलें नाहीं. त्यांनीं तिला वृंदांत उभें केलें खरें, पण बरेच दिवस एकलगान दिलें नाहीं. पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. छापील गीतांच्या विक्रीचे पैसे डॉर्सी कसेबसे ठेवीत, हिशेब नव्हता. तो व्यवहार ह्याच बाईनें मार्गीं लावला. गांवोगांव जाऊन तिनें नवे वृंद उभे केले, आणि १९३२ सालीं डॉर्सी व त्यांचे सहकारी ह्यांनीं स्थापलेल्या गॉस्पेल गायकवृंदांच्या राष्ट्रीय संमेलनाचा ती आधारस्तंभ झाली. तो भरडा आवाजही लोकांच्या हृदयाला भिडला. परीक्षा घेणाऱ्यानें गळा तपासला होता. माणूस त्याला मागाहून सांपडला.

गॉस्पेल वृंदाची रीत थोडक्यांत सांगतों. सामान्यतः तीन स्वरपंक्ति असतात : वरची सोप्रानो, मधली आल्टो आणि पुरुषांची टेनर. पुष्कळ ठिकाणीं गीत कागदावरून न शिकतां कानानें शिकतात. चालक एकेका पंक्तीला तिची ओळ गाऊन दाखवितो, ती पंक्ति ती परत म्हणते, मग तिन्ही एकत्र येतात. एकजण पुढें होऊन ओळ टाकतो आणि वृंद उत्तर देतो. आपल्या भजनी मंडळांत बुवानें चरण म्हणावा आणि मागच्यांनीं झील धरावी, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, तेथें पुढें येणारा हा बहुधा वृंदांतलाच एक असतो आणि आपली ओळ संपली कीं पुन्हा रांगेंत जाऊन उभा राहतो. पुढें येण्यापेक्षां हें मागें जाणेंच अधिक अवघड.

म्हणून परीक्षेंत केवळ आवडतें गीत म्हणवून घेणें पुरेसें नसतें. चालकानें अनोळखी ओळ गाऊन दाखवावी व ती परत म्हणावयास लावावी, म्हणजे कानाची पारख होते. मग शेजारीं दुसरी पंक्ति गात असतां स्वतःची पंक्ति धरतां येते कीं नाहीं तें पाहावें. शेवटीं तिघाचौघांबरोबर एकच स्वर लांबवावयास सांगावा, आणि कोणाचा आवाज निराळा उठतो तें ऐकावें. निराळा उठला म्हणून त्याला घालवूं नये. बहुधा दोष स्वराचा नसून उच्चाराचा असतो. एक ‘आ’ उघडा म्हणतो, दुसरा ‘ओ’कडे झुकवितो. तोंडें सारखीं उघडलीं कीं आवाज आपोआप मिसळतात. स्वराला फार कंप देणारास तो कमी करण्यास सांगावें, श्वास सर्वांनीं एकदम न घेतां आळीपाळीनें घ्यावा, आणि दणदणीत गळ्याला मागल्या रांगेंत, कच्च्या गळ्याशेजारीं उभें करावें. तेथें तो दुसऱ्याचा आधार होतो.

ही परंपरा पुढें वाढली. लहानपणीं डॉर्सींच्या वृंदांत गाइलेले जेम्स क्लीव्हलंड ह्यांनीं हजारों गायकांना एकत्र शिकविणारी गॉस्पेल कार्यशाळा स्थापिली, आणि १९६८ सालीं डेट्रॉइट येथें तिचें पहिलें अधिवेशन भरलें. कॅलिफोर्नियांत एडविन हॉकिन्स ह्यांनीं तरुणांचा वृंद जमविला, आणि देवळांतच मुद्रित केलेलें त्यांचें एक गीत १९६९ सालीं देशोदेशीं गाजलें. त्यांतील मुख्य आवाज डॉरोथी मॉरिसन ह्यांचा; परंतु मागचा वृंद काढून टाकला तर त्या गीतांत काय उरेल? कॅथलिक देवळांतही सिनसिनाटीचे कृष्णवर्णीय धर्मगुरु फादर क्लॅरेन्स रिव्हर्स ह्यांनीं ह्या गायनाला मिस्सेंत स्थान मिळवून दिलें, आणि १९८७ सालीं कृष्णवर्णीय कॅथलिकांसाठीं स्वतंत्र गीतसंग्रह निघाला.

वाचकहो, हा इतिहास मी कां सांगितला त्याचें कारण आतां सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका धर्मग्रामांत सणाची तयारी करतांना मीं एका वयस्क विधवा माउलीला सांगितलें, “बाई, आपण यंदा बांकावर बसून ऐका.” तिचा आवाज सुटा पडत होता, आणि सेमिनरींत मीं शिकलेलें संगीत मला फार प्रिय होतें. ती कांहीं बोलली नाहीं. पुढल्या रविवारपासून ती पहाटेच्या मिस्सेला येऊं लागली, जेथें गायन नसे. कोणाच्याही घरीं मृत्यु झाला कीं रात्रभर बसून सर्व गीतें तोंडपाठ म्हणणारी तीच, हें मला मागाहून कळलें. क्षमा मागण्यास मी गेलों तेव्हां ती हंसून म्हणाली, “फादर, सण तर चांगला झाला ना?” त्या उत्तराचें ओझें मी अद्याप वाहत आहें.

म्हणून ह्या ज्युबिलीच्या वृंदासाठीं आम्ही एकच कसोटी ठेविली : शेजाऱ्याला ऐकण्याची तयारी. ज्याच्यापाशीं ती होती, त्याला जागा मिळाली. आपल्या धर्मग्रामांतील सर्वांत गोड गळा महोत्सवाच्या दिवशीं तिसऱ्या रांगेंत उभा असेल, एकदांच पुढें येईल आणि पुन्हा आपल्या जागीं जाईल. प्राचीन ज्युबिलींत जमीन ज्याची त्याला परत मिळे. आपल्या ह्या पन्नासाव्या वर्षीं, ज्यांना कोणीं कधीं गप्प बसविलें असेल त्यांना त्यांचा स्वर परत मिळो, हीच प्रभूचरणीं प्रार्थना.