बडतर्फीतला ‘ऑफ’

पेशवाई 1818 साली बुडाली आणि नगर जिल्ह्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला, तरी कचेरीतले रुमालात बांधलेले मोडी कागद आणि निजामशाहीपासून त्यांत मुरलेली फारसी परिभाषा जागची हलली नाही. बदलली ती वरच्या साहेबाची भाषा. ती शिकणाऱ्याला मोल्सवर्थ-कँडींचा इंग्रजी-मराठी कोश 1847 साली हाती आला. मराठीचे व्याकरण 1836 साली रचणारे दादोबा पांडुरंग तर पुढे या नगरातच डेप्युटी कलेक्टर होते.

अडचण मोठ्या शब्दांची नव्हतीच. ती होती क्रियापदामागे चिकटणाऱ्या चिमुकल्या अव्ययाची. ‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘ऑफ’ म्हणजे दूर, असे घोकलेल्याने ‘पुट ऑफ’चा अर्थ ‘दूर ठेवणे’ लावावा, तर साहेबाने सुनावणी तहकूब केलेली असायची! वस्तुतः हृ धातूपासून आहार, विहार, संहार साधणाऱ्या शास्त्र्यांना हे नवल वाटू नये. संस्कृतात उपसर्ग पुढे बसतो, इंग्रजीत तो मागे, एवढेच. परंतु माझ्या मते खरी किल्ली दप्तरातच पडली होती. ‘बडतर्फ’ हा शब्द पाहा: मूळ ‘बर-तरफ’, म्हणजे बाजूवर, बाजूला, मराठी जिभेने ‘र’चा ‘ड’ केला आणि बाजूला झालेला माणूस नोकरीतून गेला. ‘बर’ला ‘खास्त’, म्हणजे उठणे, जोडले की दरबार ‘बरखास्त’. ज्याला बडतर्फी कळली, त्याला ‘ऑफ’ निम्मा कळला.

उरलेला निम्मा शेतकऱ्याच्या बोलण्यात आहे. 1875 साली पारनेर, श्रीगोंदे, कर्जत भागांत कुणब्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. कागद संपला की कर्ज संपले, हीच समज त्यांच्या बोलीतही दिसते. कर्ज ‘फेडणे’ वर्षानुवर्षे चालते. ‘फेडून टाकणे’ एकदाच होते, त्यानंतर कागद फाडायचा असतो. ‘पे’ आणि ‘पे ऑफ’ यांतले अंतर नेमके हेच. आणि त्या ‘टाकणे’त फेकण्याचा अर्थ जसा औषधालाही उरलेला नाही, तसा या ‘ऑफ’मध्ये दूरपणा शोधणे व्यर्थ आहे.

अलीकडे ‘राइट ऑफ’ला ‘निर्लेखन’ हा सरकारी प्रतिशब्द मिळाला. मागचा ‘ऑफ’ उचलून ‘निर्’च्या रूपाने पुढे बसवला गेला. गावच्या सोसायटीच्या ओट्यावर मात्र ‘खाते बुडीत टाकले’ असेच ऐकू येते, आणि तिथे ‘टाकले’ शेवटीच असते.