गुलमर्गचा रज्जुमार्ग : खेळासाठी बांधला, पर्यटकांनी तारला

काश्मीर खोऱ्याच्या पश्चिमेस पीर पंजालच्या रांगेत, श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर गुलमर्ग वसले आहे. बारामुल्ला जिल्ह्यातील हे कुरण समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर असून त्याच्या पाठीशी अफरवत पर्वताची भिंत उभी आहे. या भिंतीवर दोन टप्प्यांत चढत जाणारा ‘गोंडोला’ हे आज गुलमर्गचे सर्वांत मोठे आकर्षण होय. महाराष्ट्रातून काश्मीरच्या सहलीला जाणाऱ्यांच्या कार्यक्रमातही त्याचे तिकीट जवळजवळ ठरलेले असते. मात्र हा रज्जुमार्ग मुळात पर्यटकांना बर्फ दाखवण्यासाठी आखलेला नव्हता. भारतात आंतरराष्ट्रीय दर्जाचे स्कीकेंद्र उभारण्याच्या प्रयत्नांतून तो जन्माला आला. तो टिकला मात्र स्की न करणाऱ्यांच्या गर्दीवर. गुलमर्गच्या आजच्या यशाचे आणि आजच्या अडचणींचे मूळही याच विसंगतीत आहे.

उन्हाळी कुरणापासून स्कीपर्यंत

गुलमर्गचे पूर्वीचे नाव गौरीमर्ग. सोळाव्या शतकात सुलतान युसुफ शाह चक याने त्याचे गुलमर्ग, म्हणजे फुलांचे कुरण, असे नामांतर केल्याचे सांगितले जाते. पुढे मोगल बादशहा जहांगीर येथील रानफुलांवर लुब्ध होता. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी मैदानी प्रदेशातील उकाड्यापासून सुटका म्हणून येथे बस्तान बसवले. लाकडी बंगले, चर्च आणि गोल्फचे मैदान अशी इंग्रजी वसाहतीची सर्व लक्षणे येथे अवतरली. तरीही हे गाव प्रामुख्याने उन्हाळ्याचेच राहिले. हिवाळ्यात बर्फाने वाटा बंद झाल्या की तेथे फारसे कोणी फिरकत नसे.

हे चित्र बदलण्यास सुरुवात झाली ती १९२७ मध्ये. त्या वर्षी इंग्रजांनी ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ची स्थापना केली. नाताळ आणि ईस्टर या दोन सुट्यांत क्लबचे सभासद गुलमर्गला जमत. लिफ्टसारखी कोणतीही सोय त्या काळी नव्हती. पाठीवर सामान घेऊन तासन्‌तास चढायचे आणि काही मिनिटांत खाली घसरत यायचे, असाच तो खेळ होता. १९४७ मध्ये देशाचे स्वातंत्र्य, इंग्रजांचे प्रयाण आणि काश्मीरमधील टोळीवाल्यांचे आक्रमण या घटना पाठोपाठ घडल्या आणि हा अध्याय संपला.

त्यानंतर येथे स्की आली ती लष्कराच्या गरजेतून. बर्फाच्छादित सीमेवर लढायचे तर जवानांना बर्फावर वावरता आले पाहिजे, हे ओळखून जनरल के. एस. थिमय्या यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये गुलमर्ग येथे लष्कराची स्कीशाळा सुरू झाली. १९६२ मध्ये तिला ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ असे नाव मिळाले. आजही ही संस्था लष्करी जवानांना उंच पर्वतावरील युद्धाचे प्रशिक्षण देते.

नागरी पर्यटनाच्या दृष्टीने गुलमर्गचा विचार १९६० च्या दशकात झाला. भारत सरकारच्या पर्यटन खात्याने हिमालयात स्कीसाठी योग्य जागेचा शोध सुरू केला. ऑस्ट्रियाचे माजी जगज्जेते स्कीपटू रुडॉल्फ मॅट यांनी पाहणी करून गुलमर्गच्या बाजूने कौल दिला. कुरणाच्या कडेचे सौम्य उतार नवशिक्यांसाठी आणि वरचे अफरवतचे तीव्र उतार तरबेज खेळाडूंसाठी, असा दुहेरी लाभ येथे एकत्र मिळत होता. १९६८ च्या सुमारास केंद्र सरकारचा ‘गुलमर्ग विंटर स्पोर्ट्‌स प्रोजेक्ट’ आकाराला आला. त्यातूनच पुढे ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग’ ही संस्था उभी राहिली. खालच्या उतारांवर स्कीपटूंना वर खेचून नेणाऱ्या छोट्या लिफ्ट बसल्या. याच काळात हिंदी चित्रपटांनी गुलमर्गचे बर्फ घरोघरी पोहोचवले. १९७३ मधील ‘बॉबी’च्या चित्रीकरणामुळे प्रसिद्ध झालेली झोपडी आजही मार्गदर्शक पर्यटकांना आवर्जून दाखवतात.

अर्धवट राहिलेले खांब

खालच्या उतारांवर शिकता येत असले, तरी जगभरच्या स्कीपटूंना खुणावणारा खरा उतार अफरवतवर होता. तेथे पोहोचण्यासाठी रज्जुमार्गाची गरज होती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जम्मू-काश्मीर सरकारने हे काम हाती घेतले आणि रज्जुमार्ग उभारणीत नावाजलेल्या पोमागाल्स्की या फ्रेंच कंपनीशी करार केला. याच सुमारास स्वित्झर्लंडचे साहसी स्कीपटू सिल्व्हें सोदां यांनी काश्मीरमध्ये हेलिकॉप्टरने शिखरावर उतरून स्की करण्याचे उपक्रम सुरू केले होते. गुलमर्गचे नाव युरोपात पोहोचू लागले होते.

तेवढ्यात खोऱ्यात दहशतवादाचा उद्रेक झाला. १९९० मध्ये गोंडोलाचे काम थांबले. विदेशी तंत्रज्ञ परतले, पर्यटक येईनासे झाले आणि पुढील कित्येक वर्षे अर्धवट काम तसेच बर्फात उभे राहिले. परिस्थिती काहीशी निवळल्यावर काम पुन्हा सुरू झाले आणि मे १९९८ मध्ये पहिला टप्पा प्रवाशांसाठी खुला झाला. हा टप्पा गुलमर्गपासून सुमारे ३,०८० मीटर उंचीवरील कोंगडोरीपर्यंत जातो. प्रवासास साधारण नऊ मिनिटे लागतात.

दुसऱ्या टप्प्यासाठी आणखी सात वर्षे जावी लागली. मे २००५ मध्ये कोंगडोरीपासून अफरवतच्या खांद्यापर्यंतचा, म्हणजे सुमारे ३,९५० मीटर (जवळजवळ १३ हजार फूट) उंचीपर्यंतचा मार्ग सुरू झाला. सुमारे बारा मिनिटांत प्रवासी वर पोहोचू लागले. त्यामुळे वरच्या स्थानकापासून गुलमर्गपर्यंत सुमारे १,३०० मीटर उंचीचा सलग उतार स्कीपटूंना मिळाला. लिफ्टने इतक्या उंचीवर जाऊन अस्पर्श, भुसभुशीत बर्फावर उतरण्याची संधी जगात मोजक्याच ठिकाणी मिळते. त्यामुळे २००५ नंतरच्या हिवाळ्यांत युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातून स्कीपटू येऊ लागले. २०११ मध्ये कोंगडोरीपासून ‘मेरीज शोल्डर’ या उतारापर्यंत खास स्कीपटूंसाठी खुर्च्यांची लिफ्टही जोडण्यात आली.

येथे एका लोकप्रिय समजाची दुरुस्ती आवश्यक आहे. गुलमर्गचा गोंडोला जगातील सर्वांत उंच किंवा दुसऱ्या क्रमांकाचा उंच असल्याचे अनेकदा छापले जाते. प्रत्यक्षात व्हेनेझुएलातील मेरिदा येथील रज्जुमार्ग ४,७६५ मीटरपर्यंत, तर चीनमधील दागू हिमनदीचा रज्जुमार्ग त्याहूनही वर जातो. गुलमर्गचे खरे वैशिष्ट्य उंचीच्या क्रमांकात नसून, एवढ्या उंचीवरून स्कीने थेट गावात उतरता येते, यात आहे.

गोंडोला चालतो कसा?

उत्तराखंडमधील जोशीमठ-औली रज्जुमार्गावर दोन मोठ्या केबिन असत आणि एक वर जाई तेव्हा दुसरी खाली येई. गुलमर्गची रचना वेगळी आहे. येथे पोलादी दोराचे एक वेटोळे दोन स्थानकांच्या मध्ये अखंड फिरत असते. सहा आसनांच्या अनेक छोट्या केबिन चापाने या दोराला पकडून राहतात. स्थानकात शिरताच चाप उघडतो, केबिन दोरापासून सुटते आणि संथपणे पुढे सरकते. प्रवासी चढले की दरवाजे बंद होतात, केबिनचा वेग वाढवला जातो आणि ती पुन्हा दोर पकडते. त्यामुळे प्रवाशांसाठी दोर थांबवावा लागत नाही. अशा रीतीने ताशी सुमारे ६०० प्रवासी वर नेता येतात. या पद्धतीचा मोठा शत्रू म्हणजे वारा. जोराच्या वाऱ्यात केबिन हेलकावे खातात आणि सेवा बंद ठेवावी लागते. वरचा टप्पा पुष्कळदा बंद असतो, त्याचे एक प्रमुख कारण हेच. दुसरे कारण हिमस्खलनाचा धोका.

गर्दीचा आधार, गर्दीचा भार

स्कीचा हंगाम साधारणतः डिसेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंतचा. वर्षाचे उरलेले महिने रज्जुमार्ग चालतो तो केवळ सहलीला आलेल्या प्रवाशांवर, आणि हिवाळ्यातही स्कीपटूंपेक्षा बर्फ पाहायला आलेल्यांचीच संख्या कितीतरी अधिक असते. ‘जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशन’ या सरकारी महामंडळाला गोंडोलातून भरघोस उत्पन्न मिळते, ते याच गर्दीमुळे. २०२३ मध्ये सुमारे दहा लाख लोकांनी गोंडोलाचा प्रवास केला. टंगमर्ग आणि आसपासच्या खेड्यांतील घोडेवाले, स्लेज ओढणारे, गाइड, स्की भाड्याने देणारे आणि हॉटेल कामगार यांचे संसार या वर्दळीवर चालतात. पूर्वी जे गाव थंडीत ओस पडे, त्याला हिवाळ्यातही रोजगार मिळाला, हे या प्रकल्पाचे सर्वांत मोठे फलित म्हणावे लागेल.

याच परिसरातून खेळाडूही घडले. टंगमर्गजवळच्या गावातील आरिफ खान याने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. त्या स्पर्धेत तो भारताचा एकमेव खेळाडू होता आणि ‘जायंट स्लॅलम’ प्रकारात त्याने ४५ वे स्थान मिळवले. २०२० पासून ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धाही गुलमर्गला भरू लागल्या.

मात्र गर्दीबरोबर जबाबदारीही वाढली. २५ जून २०१७ रोजी सोसाट्याच्या वाऱ्याने एक झाड उन्मळून गोंडोलाच्या मार्गावर कोसळले आणि केबिनमधील प्रवासी खाली फेकले गेले. या दुर्घटनेत दिल्लीच्या एका कुटुंबातील चौघांसह सात जणांना प्राण गमवावे लागले. उरलेले तिघे स्थानिक होते. यंत्र कितीही चांगले असले तरी मार्गालगतच्या झाडांची निगा आणि वाऱ्याचा वेग पाहून सेवा वेळीच थांबवण्याची शिस्त किती महत्त्वाची आहे, हे त्या दिवशी दिसून आले.

पर्वताचा धोका वेगळाच. अफरवतच्या उतारांवर हिमस्खलन नवे नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये लष्कराच्या प्रशिक्षण संस्थेतील १७ जवान हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलंडचे दोन, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक स्कीपटू याच पर्वतावर दगावला. आल्प्समधील अनेक केंद्रांप्रमाणे सर्व उतार येथे यंत्राने दाबून, खुणा लावून तयार केलेले नसतात. गस्ती पथक रज्जुमार्गालगतच्या मर्यादित पट्ट्यावरच लक्ष ठेवू शकते. त्यापलीकडे गेलेला प्रत्येक जण स्वतःच्या आणि सोबतच्या गाइडच्या अनुभवावर अवलंबून असतो. गोंडोला वीस-एकवीस मिनिटांत १३ हजार फुटांवर नेऊन सोडतो. तेथील विरळ हवा आणि बर्फाची अस्थिरता मात्र चालत जाणाऱ्याला जितकी धोक्याची, तितकीच गोंडोलाने आलेल्यालाही असते.

बर्फच न पडला तर?

अलीकडच्या काळात आणखी एक प्रश्न उभा राहिला आहे. गुलमर्गचे बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असते. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना काश्मिरी लोक ‘चिल्लई कलान’ म्हणतात. कडाक्याच्या थंडीचा आणि टिकाऊ बर्फाचा हा काळ. जानेवारी २०२४ मध्ये नेमके याच दिवसांत गुलमर्गचे उतार तपकिरी राहिले आणि अखेरच्या आठवड्यापर्यंत बर्फाची वाट पाहावी लागली. २०२५ मध्ये पुरेशा बर्फाअभावी ‘खेलो इंडिया’च्या स्पर्धा फेब्रुवारीऐवजी मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. केवळ दोन हंगामांवरून अंतिम निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. परंतु हिमालयाचे तापमान वाढत असल्याचे शास्त्रज्ञ सांगत असताना, बर्फाच्या भरवशावर उभ्या असलेल्या गावाने या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

शांततेचा प्रश्नही मिटलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये गुलमर्गजवळील बोटापथरी भागात लष्करी वाहनावर हल्ला झाला. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला झालेल्या हल्ल्यात २६ जणांचा बळी गेला. त्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते. त्यानंतर अनेकांनी काश्मीरच्या सहली रद्द केल्या आणि त्याची झळ गुलमर्गच्या घोडेवाल्यालाही बसली. १९९० मध्ये जे घडले, त्याची आठवण या गावाला पुन्हा झाली.

गोंडोलाचे आजवरचे यश प्रवाशांच्या संख्येत मोजले गेले. पुढचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. एका दिवसात किती लोकांना वर न्यायचे, कोणत्या वाऱ्यात सेवा थांबवायची, हिमस्खलनाचा इशारा प्रत्येक प्रवाशापर्यंत कसा पोहोचवायचा आणि कुरणाभोवती किती बांधकाम होऊ द्यायचे, या प्रश्नांची उत्तरे तिकीट खिडकीवरच्या रांगेवरून मिळणार नाहीत. तिकीट काढणाऱ्या पर्यटकानेही वरचा टप्पा बंद असल्यास हुज्जत न घालता कोंगडोरीवरून परत फिरण्याची तयारी ठेवावी. सेवा बंद ठेवण्याचा निर्णय बहुधा त्याच्याच सुरक्षिततेसाठी घेतलेला असतो.