गळपट्ट्याची बखर

बांधून ठेवण्याच्या शास्त्रात बँकेच्या माणसाला उपजतच गती असते. आमच्या काउंटरवरचं बॉलपेन दोरीने बांधलेलं असतं आणि दोरीची लांबी अशी हिशेबाने ठरवलेली असते की पेन सहीच्या जागेपर्यंत नेमकं पोचू नये. तेव्हा कुत्र्याच्या गळपट्ट्याचा इतिहास एका बी.कॉम. कारकुनाने लिहावा, यात कुणाला अतिक्रमण वाटू नये.

आपल्याकडचे जुने पुरावे या बाबतीत निराशाजनक आहेत. मी पाहिलेल्या दत्ताच्या तसबिरींत चारही कुत्री मोकळीच असतात आणि तरी एकही फ्रेमबाहेर गेलेलं नाही. युधिष्ठिराच्या मागे एक कुत्रा थेट स्वर्गाच्या दारापर्यंत चालत गेला, पण त्याच्या पट्ट्याबद्दल व्यासांनी चकार शब्द काढलेला नाही.

म्हणून इजिप्त गाठावं लागतं. तिथल्या राजांच्या खोऱ्यात १८९९ साली मैहरप्री नावाच्या एका बड्या असामीचं थडगं सापडलं. त्यात कुत्र्याचे दोन नक्षीदार कातडी पट्टे निघाले, सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचे. एकावर कुत्रीचं नावसुद्धा आहे: तांतानुइत. परलोकी जाताना पट्टा बरोबर नेणारा हा मालक मला आवडतो. आमचे खातेदार शेवटपर्यंत फार तर व्याजदराची चौकशी करतात.

रोमन मंडळी जास्त व्यवहारी. व्हॅरो नावाच्या विद्वानाने इसवी सनापूर्वी ३७ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, शेतीवर ग्रंथ लिहिला. कारण काय, तर बायकोने जमीन खरेदी केली होती. (बायकोने जमीन घेतल्यावर नवऱ्याने मुकाट्याने ग्रंथ लिहायला बसावं, हा प्रघात पुढे का बंद पडला कोण जाणे.) त्यात मेंढ्यांच्या राखणदार कुत्र्याचा पट्टा आहे. जाड कातडं, त्यात टोकं बाहेर काढलेले खिळे, आणि खिळ्यांच्या डोक्यांवर आतून शिवलेलं मऊ कातडं. लोखंड मानेला टोचू नये म्हणून. खिळे लांडग्यासाठी, मऊ बाजू कुत्र्यासाठी.

त्याच रोमनांच्या पॉम्पेईत एका घराच्या दारात दगडाच्या तुकड्यांनी साखळीचा कुत्रा काढून खाली ‘कुत्र्यापासून सावध’ असं लिहिलंय. पाटी दोनच शब्दांत आटोपलेली असल्यामुळे पुणेकर तिला पाटी मानणार नाहीत. पण दुसऱ्या एका घरातल्या कुत्र्याचं आठवलं की विनोद सुचत नाही. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला, माणसं पळाली, आणि हा पट्ट्यासकट बांधलेलाच राहिला. राखेत उरलेल्या त्याच्या पोकळीत १८७४ साली प्लास्टर ओतलं, तेव्हा पाय आकाशाकडे झाडणारा तो कुत्रा जसाच्या तसा बाहेर आला. गळ्यात पट्टा होताच.

नंतरच्या काळात कधीतरी पट्ट्यावरचे काटे आत वळले. शिकाऱ्यांकडे ते होतेच. १९१० साली कोनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याने कुत्र्यांच्या शिकवणीवर पुस्तक लिहिलं आणि काटेरी पट्ट्याला शाळेत जागा मिळाली. लांडगा पूर्वी रानात असायचा, आता साखळीच्या दुसऱ्या टोकाला आला. पुढे १९८० साली बार्बरा वुडहाऊस या सत्तरीच्या ब्रिटिश बाईंनी बी.बी.सी.वर फासाची साखळी घराघरात नेली. त्याच जर्मनीने २०२२ पासून शिकवणीतल्या काटेरी पट्ट्यावर बंदी घातली आहे, आणि विजेचा झटका देणारे पट्टे वेल्समध्ये २०१० सालीच बंद झाले.

हा सगळा इतिहास मी खोदला तो शेजारच्या निवृत्त इंजिनिअर काकांमुळे. त्यांचा अल्सेशियन फासाच्या साखळीत फिरायला निघे, म्हणजे पुढे कुत्रा, मागे काका, आणि सकाळभर दोघांचा खोकला. काकांचा विडीचा, कुत्र्याचा साखळीचा.

‘काका, जरा सैल सोडा.’

‘सोडली तर पळेल.’

‘आत्ताही पळतोच आहे की, तुम्हाला घेऊन!’

फासाची साखळी वापरायचीच तर तिलाही कायदेकानू आहेत. कुत्रा डाव्या हाताला चालवणार असाल, तर त्याच्याकडे तोंड करून साखळी घालताना इंग्रजी ‘पी’ दिसला पाहिजे. उलटी घातली तर ती आवळते आणि सुटत नाही. डेबिटच्या जागी क्रेडिट पडावं तसा प्रकार. ओढ क्षणभराची, आणि लगेच सैल. खरं शिकवणं त्या सैल होण्यात असतं, आणि लोक नेमकं तेच विसरतात. पिल्लाला ती घालायची नाही, पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला नाही, आणि साखळी गळ्यात ठेवून कुत्र्याला एकटं तर कधीच सोडायचं नाही. कुठे अडकली तर सोडवणार कोण?

काकांना यातलं काही पटलं नाही. आकडा मात्र पटला, शेवटी इंजिनिअर! २००६ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात २६ कुत्री तपासली होती. गळपट्टा ताणला की डोळ्यांतला दाब वाढतो, छातीच्या पट्ट्याने वाढत नाही, असं निघालं. काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून पुढे छातीवर कडी असलेला पट्टा घेऊन आले.

आता दोरी ताणली की थांबायचं, सैल झाली की चालायचं. पहिल्या दिवशी फाटकापासून कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रापर्यंत पस्तीस मिनिटं लागली. हल्ली दहा लागतात. कुत्र्याचा खोकला गेला, काकांचा आहे.

‘कुत्रा अजून शिकतोय,’ काकू परवा दूध घेताना म्हणाल्या, ‘पण हे मात्र हाक मारली की थांबायला लागलेत.’