काजी, मुकादम आणि रब्बी

उरणच्या करंजा बंदराहून तरींत बसून रेवसला उतरलें म्हणजे अलिबागेचा मुलूख लागतो. किहीम, झिराड हीं तिकडचीं गांवें. केहीमकर, झिराडकर हीं त्यांवरून पडलेलीं आडनांवें बेने-इस्राएल लोकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीं आहेत. तेल गाळणें हा त्यांचा जुना धंदा; शब्बाथच्या दिवशीं घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणत.

या यहुदी समाजाला कोंकणांत दीक्षित रब्बी नव्हता. परंपरा अशी कीं, दावीद रहाबी नांवाच्या यहुदी गृहस्थानें झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांस धर्मविधि शिकविले. हेच पुढें 'काजी' झाले. नांव मुसलमानी अमलांतलें, आणि कामहि नुसतें लग्नासुंतेचें नव्हे. गांवोगांव फिरून तंटे तोडणें हेंहि त्यांजकडेच असे. शेजारीं मुकादम व पंच बसत. ज्याचा निवाडा लोक मानीत तोच त्यांचा धर्माधिकारी, असें आम्हांस वाटतें.

मुंबईंतहि पुढाकार गृहस्थांनींच घेतला. १७९६ सालीं पहिलें प्रार्थनामंदिर बांधणारे सामुएल एझिकेल दिवेकर हे कंपनीच्या पलटणींतले अंमलदार. १८७५ सालीं इस्राएली शाळा काढण्यांत अग्रेसर असलेले हाईम सामुएल केहीमकर यांनींहि गुरुपदाची दीक्षा घेतलेली नव्हती. जोसेफ एझिकेल राजपूरकर हे शाळामास्तर; इब्री प्रार्थना मराठींत आणण्याचें त्यांचें काम तर कोणा रब्बीच्या हातून झालें असतें कीं नाहीं, याची आम्हांस शंकाच आहे. १८८० च्या सुमारास इब्री आख्यानांचीं मराठी कीर्तनेंहि सुरू झालीं.

१९४८ नंतर यांतील पुष्कळ कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं. तेथें विवाहाचा अधिकार रब्बींच्या हातीं. १९६२ सालीं मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या मंडळानें आज्ञापत्र काढलें कीं, बेने-इस्राएल वधूवरांचीं घराणीं मागें शक्य तितक्या पिढ्यांपर्यंत तपासावीं. कारण काय, तर कोंकणांत काडीमोड व दिराशीं विवाह यांविषयींचे नियम नीट पाळले गेले नसावेत! ज्या समाजानें रब्बीवांचून शब्बाथ राखला, त्याला रब्बी नसल्याचाच हा दंड होता.

लोकांनीं मग जुनाच मार्ग धरिला. सभा भरल्या, मंडळें निघालीं, आणि १९६४ च्या उन्हाळ्यांत बायकामुलांसह त्यांनीं यरुशलेमेंत ठिय्या दिला. १७ ऑगस्ट रोजीं तेथील लोकसभेनें ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असा ठराव केला. महिनाअखेर रब्बींनीं आज्ञापत्रांतून 'बेने-इस्राएल' हें नांव काढून तेथें 'ज्याच्या कुळाविषयीं संशय असेल तो' असें घातलें.