हंगामी की कायम? फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक ठरतो कसा आणि चाहते त्यावर इतके का भांडतात?

संघ सलग तीन-चार सामने हरला की फुटबॉलमध्ये सगळ्यांच्या नजरा एकाच खुर्चीकडे वळतात. पंचवीस खेळाडू एकदम बदलता येत नाहीत. मालक स्वतःला काढून टाकत नाही. राहतो तो मुख्य प्रशिक्षक. त्याची गच्छंती होते, सहायकाकडे तात्पुरती धुरा येते आणि दुसऱ्या दिवसापासून चाहत्यांमध्ये वाद सुरू होतो. यालाच कायम करायचं की बाहेरून कुणी मोठं नाव आणायचं?

मँचेस्टर किंवा लंडनच्या क्लबांबाबत हा वाद मुंबईतही रंगतो. पण अंधेरीत घरचे सामने खेळणाऱ्या मुंबई सिटी एफसीच्या आणि शेजारच्या एफसी गोवाच्या चाहत्यांनीही हे अनुभवलं आहे. भारतीय प्रशिक्षकांसाठी तर हा प्रश्न थेट पोटापाण्याचा आहे.

'हंगामी' म्हणजे नेमकं काय?

मुख्य प्रशिक्षक गेल्यावर नवा सापडेपर्यंत जो संघ सांभाळतो, तो हंगामी प्रशिक्षक. बहुतेक वेळा तो आधीपासून क्लबमध्येच असतो. कधी सहायक प्रशिक्षक, कधी युवा संघाचा प्रशिक्षक, कधी तांत्रिक संचालक. खेळाडू त्याला ओळखतात, सरावाची पद्धत तीच राहते आणि क्लबला घाईत मोठा करार करावा लागत नाही.

अडचण एवढीच की त्याच्या हातात फारसं काही नसतं. खेळाडू कुणी निवडले? आधीच्या प्रशिक्षकाने. नवे कोण घेणार? पुढचा प्रशिक्षक. हंगामी माणसाला फक्त समोरचा सामना जिंकायचा असतो.

इंग्लंडमध्ये या पदाला 'मॅनेजर' म्हणतात, कारण तिथे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीतही त्याचा शब्द चालायचा. इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, पदाचं नाव 'मुख्य प्रशिक्षक' असतं. खेळाडू कोणते घ्यायचे हे क्लबचं व्यवस्थापन त्याच्यासोबत बसून ठरवतं. त्यामुळे 'प्रशिक्षक बदला' म्हणताना सगळा दोष त्याचाच आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

मुंबई सिटीत काय घडलं?

मुंबई सिटी २०१४ मध्ये आयएसएलसोबतच सुरू झाला. पहिले दोन हंगाम घरचे सामने नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. २०१६ पासून क्लब अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनात आला. मढच्या चाहत्याला वर्सोव्याची फेरीबोट पकडून पलीकडे उतरलं की रिक्षाने पोहोचता येईल इतकं हे मैदान जवळ आलं. घाटकोपरहून येणाऱ्यांसाठी मेट्रोचं आझाद नगर स्टेशन आहे. 'आयलंडर्स' हे टोपणनाव असलेल्या क्लबला उपनगरांत घर मिळालं.

पहिला प्रशिक्षक इंग्लंडचा पीटर रीड होता. दुसऱ्या हंगामात फ्रान्सचा निकोला अनेल्का एकाच वेळी खेळाडू आणि प्रशिक्षक होता. मग कोस्टा रिकाचे अलेक्झांद्र गिमाराएस आणि पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि प्रशिक्षक निवडण्याची पद्धतच बदलली.

२०२०-२१ मध्ये स्पेनचे सर्जिओ लोबेरा यांनी पहिल्याच हंगामात साखळीची शिल्ड आणि आयएसएल करंडक अशी दोन्ही विजेतेपदं जिंकून दिली. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने अगदी शेवटी गोल केला आणि एटीके मोहन बागान २-१ ने हरला. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, नवा हंगाम तोंडावर असताना, लोबेरा गेले. त्यांच्या जागी ग्रुपच्याच मेलबर्न सिटी क्लबमधून डेस बकिंगहॅम आले.

बकिंगहॅम यांच्या काळात, एप्रिल २०२२ मध्ये, मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला. २०२२-२३ मध्ये साखळीची शिल्डही पुन्हा मिळाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मात्र बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. म्हणजे इथे प्रशिक्षकाला कुणी काढलं नव्हतं, तोच हंगामाच्या मध्यात निघून गेला होता.

अँथनी फर्नांडिस यांनी काही आठवडे संघ सांभाळला. डिसेंबरमध्ये चेक प्रजासत्ताकाचे पीटर क्रात्की यांची नेमणूक झाली. तेही मेलबर्न सिटीत सहायक होते. 'मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव कुठे आहे?' ही शंका रास्त होती. ग्रेग स्टुअर्टसारखा मोहराही हंगामाच्या मध्यात क्लब सोडून गेला. तरीही ४ मे २०२४ ला कोलकात्यात, साठ हजारांच्या आसपास प्रेक्षकांसमोर, मुंबईने मोहन बागानला ३-१ ने हरवून करंडक उचलला.

पुढच्याच हंगामात हाच संघ साखळीत सहावा आला आणि मार्च २०२५ मध्ये बाद फेरीत बेंगळुरूकडून ५-० ने हरला. प्रशिक्षक तोच, निकाल अगदी उलटे. दहा महिन्यांत चाहत्यांचं मतही बदललं तर त्यात नवल नाही.

गोव्याची गोष्ट: जिंकूनही कायम न होणं

या विषयात सगळ्यात बोलकं उदाहरण गोव्याचं आहे. जानेवारी २०२० च्या शेवटी एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा यांना पदावरून दूर केलं. हो, तेच लोबेरा, जे नंतर मुंबईत आले. संघ तेव्हा गुणतक्त्यात वरच्या जागांवर होता, त्यामुळे निर्णयाने अनेकांना धक्का बसला. गोव्याचेच माजी खेळाडू क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे हंगामी जबाबदारी आली.

साखळीतले तीन सामने उरले होते. गोव्याने हैदराबादला ४-१, मुंबई सिटीला ५-२ आणि जमशेदपूरला ५-० ने हरवलं. तीन सामन्यांत १४ गोल. शिल्ड गोव्याची झाली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जागा मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. बाद फेरीत मात्र चेन्नईयिनने दोन सामन्यांत मिळून ६-५ अशी सरशी साधली.

मग मिरांडा कायम झाले का? नाही. पुढच्या हंगामासाठी स्पेनचे हुआन फेरांडो आले.

तीन वर्षांनी तोच प्रसंग ओडिशात घडला. मार्च २०२३ मध्ये मिरांडा ओडिशा एफसीचे हंगामी प्रशिक्षक झाले आणि एप्रिलमध्ये बेंगळुरूला २-१ ने हरवून त्यांनी सुपर कप जिंकला. क्लबचा हा पहिला मोठा करंडक होता. नव्या हंगामासाठी ओडिशाने मुख्य प्रशिक्षक म्हणून सर्जिओ लोबेरा यांना आणलं. गोव्यात ज्यांच्या जागी मिरांडा आले होते, तेच आता मिरांडांच्या जागी आले. मिरांडा यांच्याकडे आयएसएल क्लबची पूर्णवेळ सूत्रं यायला २०२५ उजाडलं, तेही चेन्नईयिनमध्ये.

खालिद जमील यांनी दार कसं उघडलं?

खालिद जमील हे नाव मुंबईच्या फुटबॉलला जुनं आहे. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या शहरातल्या संघांकडून ते खेळले. मुंबई एफसीचे ते अनेक वर्षं प्रशिक्षकही होते. २०१६-१७ मध्ये त्यांनी मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली. तरीही आयएसएलमध्ये त्यांची सुरुवात सहायक म्हणूनच झाली.

जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक बदलला आणि जमील यांच्याकडे हंगामी सूत्रं आली. त्यांनी संघाला उपांत्य फेरीपर्यंत नेलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये क्लबने त्यांना कायम केलं. आयएसएल क्लबच्या कायम मुख्य प्रशिक्षकपदी बसणारे ते पहिले भारतीय. मात्र पूर्ण हंगाम हातात आल्यावर संघ ११ क्लबांत दहावा आला.

जमील तिथे संपले नाहीत. जमशेदपूरमध्ये त्यांनी पुन्हा जम बसवला आणि १ ऑगस्ट २०२५ ला ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. सुरुवात झकास झाली: सीएएफए नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक. ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूरकडून २-१ ने हरल्यावर मात्र २०२७ च्या आशियाई करंडकाचं दार बंद झालं.

नवा माणूस आला की संघ लगेच का जिंकतो?

इथे चाहत्यांची सगळ्यात जास्त फसगत होते. प्रशिक्षक काढला जातो तो संघ अगदी तळाला असताना. दुखापती, हुकलेल्या पेनल्टी, पंचांचे निर्णय, कठीण प्रतिस्पर्धी असं सगळं एकाच वेळी अंगावर आलेलं असतं. अशा पडत्या काळानंतर निकाल बरेचदा आपोआपच सुधारतात. श्रेय मात्र नव्या माणसाला मिळतं.

अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी नेदरलँड्सच्या साखळीतल्या १९८६ ते २००४ या काळातल्या प्रशिक्षक-बदलांचा अभ्यास केला. तेवढीच घसरण झालेल्या, पण प्रशिक्षक न बदललेल्या संघांशी तुलना केल्यावर, प्रशिक्षक बदलल्याने संघाची कामगिरी सुधारते असं दिसलं नाही.

युरोपातली मोठी उदाहरणंही दोन्ही बाजूंची आहेत. चेल्सीचे हंगामी प्रशिक्षक रॉबर्टो दी मात्तेओ यांनी मे २०१२ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली, कायम झाले आणि नोव्हेंबरमध्येच त्यांना काढलं गेलं. मँचेस्टर युनायटेडने ओले गुन्नार सोल्शियर यांना डिसेंबर २०१८ मध्ये हंगामी नेमलं. १९ पैकी १४ सामने जिंकल्यावर मार्च २०१९ मध्ये त्यांना कायम केलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते बाहेर पडले आणि त्यांच्या काळात मोठा करंडक आला नाही. याउलट बायर्न म्युनिकचे हान्सी फ्लिक नोव्हेंबर २०१९ मध्ये हंगामी म्हणून आले, कायम झाले आणि २०२० मध्ये जर्मन लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदं घेऊन गेले.

क्लब निर्णय घेताना काय पाहतो?

पहिली गोष्ट परवाना. आयएसएलच्या मुख्य प्रशिक्षकाकडे एएफसी प्रो लायसन्स किंवा त्याच्या तोडीची पात्रता लागते. तो भारतात मोजक्याच लोकांकडे आहे आणि मिळवायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतं.

दुसरी गोष्ट खेळाची शैली. सिटी फुटबॉल ग्रुपच्या क्लबांमध्ये चेंडू ताब्यात ठेवून वरच्या भागात दबाव टाकण्यावर भर असतो. म्हणून मेलबर्नमधला माणूस मुंबईत सहज बसतो. तिसरी गोष्ट वेळ: हंगामाच्या मध्यात चांगला प्रशिक्षक मोकळा सापडणं कठीण. चौथी गोष्ट अर्थातच पैसा.

पाचवी गोष्ट कुणी उघडपणे बोलत नाही. परदेशी नाव अपयशी ठरलं तर 'प्रयत्न तरी केला' असं मालकाला म्हणता येतं. भारतीय सहायकाला कायम केलं आणि संघ हरला, तर 'स्वस्तात काम उरकलं' असा आरोप होतो. त्यामुळे दोघांच्या पराभवाची किंमत सारखी राहत नाही.

चाहत्यांच्या मताला किंमत आहे का?

जर्मनीत '५०+१' नियमामुळे बहुतेक क्लबांचं मतबहुल्य सदस्यांकडे असतं. बार्सिलोना आणि रेआल माद्रिदमध्ये सदस्य अध्यक्ष निवडतात, त्यामुळे प्रशिक्षकाचं नाव निवडणुकीच्या प्रचारातही येतं. आयएसएलचे क्लब खासगी मालकीचे आहेत. तिथे चाहत्याकडे मत नाही, फक्त तिकीट आणि आवाज आहे.

पण आवाज अगदीच वाया जात नाही. कोलकात्यातल्या समर्थकांनी 'एटीके' हे नाव काढा म्हणून लावून धरलं आणि २०२३ मध्ये क्लबचं नाव मोहन बागान सुपर जायंट झालं.

मुंबईत हा प्रश्न आता जास्त जवळचा झाला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतून अंग काढून घेतलं आणि मालकी पुन्हा मूळ मालकांकडे गेली. ग्रुपच्या जाळ्यातून प्रशिक्षक आणण्याचा सोपा रस्ता त्यामुळे बंद झाला. यापुढे नाव शोधायचं ते क्लबने स्वतः, आपल्या खिशाप्रमाणे.

पुढच्या वेळी वाद घालताना

हंगामी प्रशिक्षकाने सलग चार सामने जिंकले की हे प्रश्न विचारून पाहा. प्रतिस्पर्धी कोण होते? दुखापतीतून कोण परतलं? संघ गोलच्या संधी जास्त निर्माण करतोय, की फक्त निकाल बरे लागताहेत? हा माणूस नवे खेळाडू निवडू शकेल का, आणि त्याला तेवढा वेळ मिळेल का?

उत्तरं पटणारी असतील तर त्याला कायम करायला हरकत नाही, मग तो मेलबर्नचा असो वा मडगावचा. नसतील तर चार विजयांवर तीन वर्षांचा करार करू नये. मिरांडा आणि जमील यांच्या गोष्टी वेगळ्या वळणांनी गेल्या, पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे: भारतीय प्रशिक्षकाला संधी मिळाली ती आधी दुसऱ्याची खुर्ची रिकामी झाली म्हणून. हंगामाच्या पहिल्या दिवशी, पूर्ण तयारीनिशी आणि स्वतः निवडलेल्या खेळाडूंसह ती संधी किती जणांना मिळते, हे पाहायला हवं.