मीटर किती वेळा फिरलंय?

आमच्या घरी पहिली गाडी आली १९९१ साली. प्रीमियर पद्मिनी, १९७९ चं मॉडेल, पांढरी, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा. मीटरवर चौतीस हजार आणि वर काहीतरी. शेजारचे काका आले, गाडीभोवती एक फेरी मारली, आत डोकावले आणि बाबांना म्हणाले, "चौतीस दिसतंय खरं. पण एक चौतीस की दोन चौतीस?"

बाबांकडे उत्तर नव्हतं. विकणार्‍याकडेही नसावं, तो स्वतःच तिसरा मालक होता. त्या मीटरला आकडे पाचच. ९९,९९९ झाले की पुन्हा पाच शून्यं, गाडी कोरी करकरीत!

हे आठवायचं कारण म्हणजे ऑफिसातल्या मंडळींचा नेहमीचा प्रश्न. "लाखाच्या वर चाललेली गाडी घ्यावी का रे?" विचारतानाच चेहर्‍यावर 'नको म्हण' असा भाव असतो. आता हा लाखाचा आकडा आला कुठून? माझा संशय असा की तो त्या पाच आकडी मीटरमधून आणि त्या मीटरमागच्या इंजिनातून आलाय.

पद्मिनी कुर्ल्याला बनायची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, पुढे फियाटशी करार झाला आणि १९६४ पासून '११०० डिलाइट' इथे बनायला लागली. १९७४ मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं. गंमत म्हणजे तिच्या १०८९ सीसी इंजिनाचं मूळ फियाटच्या १९३७ च्या गाडीत सापडतं. दुसर्‍या महायुद्धाच्या आधीचं डिझाइन आपण जवळजवळ २००० सालापर्यंत नवीन गाडी म्हणून विकत घेत होतो. आमच्या धंद्यात जुन्या कोडला लोक उगाच नावं ठेवतात.

त्या इंजिनाला लाख किलोमीटर झेपायचे नाहीत हे खरंच होतं, आणि त्याला कारणं होती. सकाळी चोक ओढून गाडी सुरू करायची. कार्ब्युरेटर जास्तीचं पेट्रोल आत सोडायचा आणि ते सिलेंडरच्या भिंतीवरची ऑइलची पातळ थर धुऊन टाकायचं. पेट्रोलमध्ये शिसं, त्यामुळे प्लगवर पुटं चढायची आणि ऑइल लवकर खराब व्हायचं. आपल्या रस्त्यांवरची धूळ होतीच. मग सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला की 'इंजिनचं काम' निघायचं. सिलेंडर थोडं मोठं कापायचं (रिबोअर), मापाने मोठे पिस्टन बसवायचे, नव्या रिंगा टाकायच्या, की गाडी पुन्हा धावायला तयार. हे काम गल्लीतला मेकॅनिक करायचा आणि पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळायचे. म्हणूनच मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींनी किती लाख किलोमीटर काढले याचा हिशोब कुणी ठेवला नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी ती रस्त्यावरून गेली. तिला थांबवलं ते कॅलेंडरने, किलोमीटरने नाही.

मधल्या काळात सगळं बदललं. १९९५ पासून चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं, फेब्रुवारी २००० पासून देशभर. कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, ऑइलं सुधारली. रिबोअर हा शब्द आजच्या पंचवीस वर्षांच्या मुलाने ऐकलेलाही नसतो. लाखाची भीती मात्र वडिलोपार्जित मिळालेली असते.

आता दुसरा धागा, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली सेकंडहँड गाड्यांवर एक निबंध छापला. 'लेमन' म्हणजे तिकडच्या बोलीत भंकस निघालेली गाडी. त्याचं म्हणणं साधं होतं: विकणार्‍याला गाडीचे गुणदोष माहीत असतात, घेणार्‍याला नसतात. त्यामुळे घेणारा सरासरी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक गाडी विकतच नाही, आणि बाजारात उरतो तो माल... असो. तीन नियतकालिकांनी निबंध परत पाठवला, त्यातल्या दोघांना तो क्षुल्लक वाटला. २००१ मध्ये त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं.

हा माणूस १९६७-६८ चं वर्ष दिल्लीत, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होता. निबंधात भारतातल्या सावकारीवर मजकूरही आहे. पण तेव्हाचा आपला गाड्यांचा बाजार त्याच्या सिद्धांताच्या बरोबर उलटा होता! नव्या फियाटची किंमत सरकार ठरवणार, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि त्यामुळे चांगली वापरलेली फियाट नव्यापेक्षा जास्त भावाने जायची. घेतलेली गाडी ठराविक काळ विकायची नाही असं बंधनही होतं. अशा बाजारात गाडी किती चालली हे विचारतो कोण? मिळाली हेच नशीब. 'मीटर किती वेळा फिरलंय' या प्रश्नावर लोक हसून सोडून द्यायचे ते त्यामुळेच.

नव्या गाड्या मुबलक झाल्यावर आपणही अकरलॉफच्या बाजारात आलो. आता घेणारा मीटर बघून भाव करतो, म्हणून विकणारा मीटर मागे फिरवतो. अमेरिकेत हे इतकं बोकाळलं होतं की १९७२ मध्ये केंद्रीय कायदा करून बंदी घालावी लागली. पूर्वी मीटर खोलून हाताने चाकं फिरवावी लागायची. आता तो आकडा डॅशबोर्डमागच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. लॅपटॉप आणि एक केबल असली की काम फत्ते. बेल्जियमने यावर नामी उपाय काढला: २००६ पासून प्रत्येक गॅरेजने गाडीचा आकडा एका मध्यवर्ती संस्थेकडे कळवायचा आणि विकताना तो इतिहास घेणार्‍याला द्यायचा. म्हणजे फक्त पुढे वाढत जाणारा लॉग. एवढं साधं!

आपल्याकडे असं काही नसताना मी २०१४ मध्ये ४२ हजार किलोमीटरची 'एकदम कमी चाललेली' गाडी एका डीलरकडून घेतली. दोन महिन्यांनी सर्व्हिसिंगला नेली तर सेंटरमधल्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. तीन वर्षांपूर्वीच्या नोंदीत ७८ हजार होते. डीलर म्हणाला, "साहेब, आम्हालाही अशीच आली." सस्पेन्शन आणि गिअरबॉक्सला मिळून पाऊण लाख गेले. बायकोने तो विषय अजून बंद केलेला नाही.

त्यातून एक गोष्ट डोक्यात बसली. मीटर मागे फिरवणारे पुष्कळ, पुढे फिरवणारा अजून कुणी जन्माला आलेला नाही. म्हणजे १ लाख ४० हजार दाखवणारं मीटर बहुधा खरं बोलतंय, आणि भीतीपोटी गाडीचा भाव पडलेला असतो तो वेगळाच. शिवाय किलोमीटर म्हणजे झीज नव्हे. हायवेवर ताशी ६० च्या सरासरीने १ लाख ४० हजार म्हणजे इंजिन सुमारे २,३३० तास चाललं. शहरात ताशी १५ ने ५० हजार म्हणजे ३,३३० तास, वर क्लच आणि ब्रेकचा छळ.

अर्थात डोळे झाकून घ्यायची नाही. सर्व्हिसच्या नोंदी नसतील तर आकडा कितीही असो, निघून या. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदलायचाच आहे असं धरा. क्लच, शॉकअप, एसीचा कॉम्प्रेसर या वस्तू लाखानंतर मागणी करतातच, त्यासाठी भावातले साठ-सत्तर हजार बाजूला ठेवता येत नसतील तर घेऊ नका. आणि डिझेल असेल तर दिल्लीच्या बाजूला नेण्याआधी तिथले वयाचे नियम वाचा.

२०१९ मध्ये मी १ लाख ४६ हजारांची गाडी घेतली. मालक औषध कंपनीचा प्रतिनिधी, नाशिक-धुळे-जळगाव हा त्याचा रोजचा पट्टा. त्याच्याकडे पहिल्या दिवसापासूनच्या बिलांची फाइल होती, पंक्चरच्या पावत्यांसकट. बाबांना पहिल्यांदा बसवलं तर त्यांनी आधी मीटरकडे पाहिलं आणि म्हणाले, "सहा आकडे आहेत होय?" मग नाशिकपर्यंत झोपले. १ लाख ६३ हजारांवर क्लच बदलला, २ लाखांवर पुढचे शॉकअप. फाइल मी पुढे चालू ठेवली आहे.